दोन व्याही, एक रजा

अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात कोण दांडक्याने चेंडू किती लांब मारतो, यावर हर्णैच्या एका मुलीच्या लग्नाला तिचा बाप जाणार की नाही हे ठरावं, अशी व्यवस्था ज्याने केली तो आमच्या कँपचा साहेब. तो स्वतःला फार न्यायी समजत असे. आम्हा लोकांना निर्णय घेता येत नाही, म्हणून ते काम देवाने आपल्याकडे सोपवलं आहे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. दुबईपासून जीपने बराच वेळ वाळू तुडवत गेलं की तेल शोधणाऱ्या अमेरिकनांचा कँप लागायचा. मी तिथे स्टोअरचा कारकून होतो. तेल अजून लागलं नव्हतं. पाणीही टँकरने यायचं. पण सकाळचं अंडं मात्र ज्याला जसं हवं तसं ताटात पडायचं, आणि त्यावरच सगळा कँप चालला होता.

हे अंडं दोन माणसांच्या हातात होतं. एक मोठे खानसामा, हर्णैचे. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. दुसरे पाव आणि केक भाजणारे, मुरूड-जंजिऱ्याचे. ते मामू. एक रत्नागिरी जिल्ह्यातला, दुसरा कुलाबा जिल्ह्यातला, त्यामुळे भांडायला वेगळं कारण लागत नसे. कुलाब्याच्या माणसाच्या हाताला मीठ नाही असं चाचा म्हणायचे, आणि रत्नागिरीचा माणूस चव लपवायला तिखट घालतो असं मामू. अशी बरीच वर्षं एकमेकांची उणीदुणी काढून झाल्यावर दोघांनी पोरांचं लग्न जमवलं. चाचांची मुलगी, मामूंचा मुलगा. मुलगा बोटीवर खलाशी. त्याची बोट सुटायची तारीख ठरलेली, म्हणून निकाहची तारीखही ठरलेली.

दोघांनी रजा मागितली. साहेब म्हणाला, एकच मिळेल. त्याचंही बरोबर होतं. तेल सापडायला दहा वर्षं लागली तरी कंपनी धीर धरणार होती, पण दोन्ही खानसामे एकदम गेले तर चाळीस माणसांना नाश्ता कोण देणार? तेव्हा कोणी जायचं ते तुम्ही आपसात ठरवा, असं म्हणून त्याने विषय संपवला.

इथे साहेबाचं चुकलं. दोन कोकणी व्याह्यांना आपसात ठरवायला सांगणं म्हणजे ते काम कयामतीपर्यंत पुढे ढकलणं. चाचा म्हणाले, मुलाचा बाप जाऊ दे, वरात आणायला मोठं माणूस हवं. मामू म्हणाले, छे, मुलीच्या बापाशिवाय मांडव शोभतो का? चाचा म्हणाले, तुझा मान मोठा. मामू म्हणाले, तुझा हक्क मोठा. साहेब रोज विचारायचा आणि रोज दोघेही एकमेकांकडे बोट दाखवायचे. आपल्याकडची सभ्यता अशी की माणूस मरेल, पण मला हवंय असं म्हणणार नाही.

खरं तर दोघांनाही जायचं होतं, आणि चाचांना जरा जास्तच. मुलगी जन्मली तेव्हा ते समुद्रावर होते. चालायला लागली तेव्हा बसऱ्यात, आणि शाळेत गेली तेव्हा इथे. निकाहच्या वेळी मुलीच्या वतीने 'दिली' म्हणायचं असतं तिच्या बापाने. एकदा कांदे निवडता निवडता ते मला म्हणाले होते, "बापाचं एवढं एक काम तरी माझ्या तोंडून होऊ दे." आणि लगेच भटारखान्यात जाऊन मामूंना म्हणाले, तूच जा.

शेवटी साहेबाचा धीर सुटला. त्याच सुमाराला अमेरिकेत बेसबॉलची अजिंक्यपदाची मालिका सुरू होत होती. साहेब एका मोठ्या शहराच्या टीमचा भक्त, आणि आमचा इंजिनियर लोखंडाच्या कारखान्यांच्या एका गावाच्या टीमचा. एरवी कामापुरतं बोलणारी ही दोन माणसं त्या दिवसांत नाश्त्याला एकमेकांच्या आईबापांपर्यंत जायची, आणि मग हसत एकाच जीपमधून कामावर जायची. साहेबाने फर्मान काढलं की चाचा माझ्या बाजूला, मामू इंजिनियरच्या. सात मॅच होतील. ज्याची टीम जिंकेल तो घरी जाईल, खलास.

आम्हाला हा न्याय फार आवडला. कुणी मागायचं नाही, कुणी नाकारायचं नाही, आणि दोष द्यायला अमेरिकेत दोन अख्खी गावं.

अडचण एकच. हा खेळ आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. पण कँपचा धोबी मुंबईत कुठल्याशा जिमखान्याच्या मागे क्रिकेटवाल्यांचे पांढरे कपडे धुवायचा, म्हणजे तो आमचा जाणकार. त्याने इंजिनियरकडून थोडी माहिती घेतली, उरलेली स्वतःची घातली आणि भटारखान्यात सगळं समजावून सांगितलं. हे क्रिकेटच आहे, फक्त घाईत असलेल्या लोकांचं. टेस्टमध्ये दोन डाव असतात, त्यांच्या धावांची बेरीज करतात. इथे सात दिवसांत सात डाव, त्यांची बेरीज करायची. बस्स. चेंडू मैदानाबाहेर गेला तर सहाऐवजी एकच देतात, हे ऐकून मात्र तो स्वतःच इतका नाराज झाला की त्या दिवशी त्याने इंजिनियरच्या पँटला इस्त्री केली नाही.

मॅच तिकडे दुपारी व्हायची, म्हणजे इकडे जेवणं आटोपल्यावर. साहेब आणि इंजिनियर खोलीत रेडिओला कान लावून बसायचे. आम्हाला निकाल सकाळी चहाबरोबर मिळायचा. धोबी धावा विचारून घ्यायचा आणि कोळशाने भटारखान्याच्या पत्र्यावर तितक्या रेघा ओढायचा, चाचांच्या वर आणि मामूंच्या खाली. साहेब रोज 'एक-एक', 'दोन-एक' असं काहीबाही म्हणायचा. धोब्याने सांगितलं, ते दिवस मोजतात, तिकडे लक्ष देऊ नका.

मग जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. एका सकाळी चाचांच्या टीमने मामूंच्या टीमला अक्षरशः धुतलं होतं. दहाच्या पुढे धावा, आणि समोरून दोन-तीन. त्या दिवशी पाव जरा बसका आला. चाचांनी तो उचलून सगळ्या मेसला दाखवला आणि विचारलं, आज पावाच्या घरी काही वाईट झालंय का? दुसऱ्या दिवशी मामूंची टीम जेमतेम एका-दोन धावांनी पुढे राहिली, तर मामूंनी साहेबासाठी साखर पेरलेला खास पाव पाठवला आणि निरोप दिला की दुःखात गोड खावं. साहेबाने तो खाल्ला. इंजिनियरने टाळ्या वाजवल्या. चाचा म्हणाले, एवढ्या धावा तर आमच्या टीमच्या खिशातून पडतात.

हर्णै आणि मुरूड कुठे, अमेरिका कुठे! पण आठवड्याभरात दोघेही असं बोलायला लागले की ती गावं त्यांच्या मावशीची असावीत. आमचा पिचर, आमचा डावरा, आमचं नशीब. मामूंनी तर लोखंडाच्या गावासाठी दुआ मागितली. अल्लाने हे ऐकून काय केलं असेल, देव जाणे.

सहा मॅच झाल्या तेव्हा वरच्या रेघा खिडकी ओलांडून दारापर्यंत गेल्या होत्या आणि खालच्या निम्म्यावरच दमल्या होत्या. धोब्याने पत्र्यासमोर उभं राहून जाहीर केलं की उद्याची मॅच खेळायची तर खेळा, निकाल लागलेला आहे. एका डावात एवढी तूट भरून काढणारा अजून जन्माला आलेला नाही.

मामूंनी खिलाडूपणे हात पुढे केला. "जा व्याही," ते म्हणाले, "माझ्या पोराला जरा ताठ बसायला सांग." चाचांनी तो हात दोन्ही हातांत धरला. त्या संध्याकाळी पुरवठ्याच्या गाडीतून ते आणि मी बर दुबईला गेलो. बाजारात त्यांनी मुलीसाठी जरीचं हिरवं कापड घेतलं. दुकानदाराने विचारलं, उंची किती? चाचांनी हात छातीपर्यंत नेला, मग खांद्यापर्यंत, मग माझ्याकडे पाहिलं. आपल्या मुलीची उंची त्यांना ठाऊक नव्हती. शेवटी त्यांनी दोन वार जास्तच घेतलं आणि परतताना रस्ताभर दुकानदाराला शिव्या दिल्या.

सकाळी मेसमध्ये गेलो तर इंजिनियर खुर्चीवर उभा. शेवटच्या घटकेला त्यांच्या एका गड्याने चेंडू भिंतीबाहेर मारला होता, मालिका चार-तीन अशी त्यांची झाली होती, आणि तो मामूंना मिठी मारून घरी जा, घरी जा, असं ओरडत होता. मामूंच्या हातात पावाचा ट्रे होता. त्यांना वाटलं, हा प्यायलाय.

धोब्याने इंजिनियरला दंडाला धरून भटारखान्यात नेलं आणि रेघा दाखवल्या. इंजिनियर आधी समजलाच नाही. समजला तेव्हा हसून हसून पिठाच्या पोत्यावर बसला. मग त्याने सांगितलं की बेरीज वगैरे काही नसते. मॅच किती जिंकल्या तेवढंच मोजतात, मग एका धावेने जिंका की पन्नासने. साहेब दारात उभा राहून त्या पत्र्याकडे बराच वेळ बघत होता. हरल्यामुळे त्याचा चेहरा उतरलेला होताच. तो हळूच म्हणाला की हीच पद्धत जास्त बरोबर आहे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आमच्या लोकांचं काहीतरी पटलं होतं. पण रजेचं काय, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, शब्द म्हणजे शब्द. न्यायी माणसाचं हे असं असतं. आपण हरलो याचं दुःख तो अमेरिकेवर काढू शकत नव्हता, म्हणून तत्त्व सांभाळत होता. मला त्याचा मनापासून राग आला.

चाचांना अचानक आठवलं की शर्यत लावणं हराम आहे. ते एकदम दीनदार झाले. धोब्याने सांगितलं की पैसे नव्हते, मग जुगार कसला? आणि काल हे का नाही सुचलं? चाचा त्याच्यावर असे खेकसले की तो दुपारपर्यंत दिसला नाही.

मामू चाचांच्या मागोमाग फिरत होते. तूच जा, म्हणत होते, आणि या वेळी ते खरंच म्हणत होते. मी साहेबाला सांगतो, मुलीचा बाप तू आहेस, मी तिथे काय करणार, नुसता बिर्याणी खाणार. चाचा ऐकेनात. आठवडाभर मी छाती पुढे काढून फिरलो, म्हणाले, आता तुझ्या मेहरबानीने मुलीच्या लग्नाला जाऊ? लोक काय म्हणतील याची त्यांना फिकीर होती असं नाही. आपण स्वतः काय म्हणू, याची होती.

दोन दिवस त्यांनी मेसमध्ये पाऊल टाकलं नाही. अंडी मात्र वेळेवर जात होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि धोब्याला बोलावून घेतलं आणि मामूंच्या समोर उभं केलं. बाप हजर नसला तर तो आपल्या वतीने बोलायला कुणाला तरी नेमतो, त्याला वकील म्हणतात. मुलीला सख्खा मामा होता, दोन चुलते होते. आम्हाला वाटलं, त्यांच्यापैकी कुणाचं तरी नाव सांगतील.

"माझा वकील तू," चाचा मामूंना म्हणाले. "जिंकलास ना? मग आता दोन्हीकडून खेळ."

धोबी हसला. मीही हसलो असेन. मामूंचा चेहरा मात्र पांढरा पडला. ते म्हणाले, मुलाचा बाप आहे मी, माझ्याच मुलाला मीच मुलगी देऊ? चाचा म्हणाले, का, शरियतमध्ये बसतं, मी विचारून घेतलंय. आणि हिरवं कापड त्यांच्या हातात देऊन कांदे कापायला निघून गेले.

मामू मुंबईच्या बोटीने गेले. निकाहच्या दिवशी चाचांनी चाळीस अमेरिकनांना बिर्याणी खाऊ घातली. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. साहेबाने तिखट जास्त झालंय म्हणून पाणी मागितलं. चाचा दिवसभर सगळ्यांशी हसून बोलले, आणि ते बघवत नव्हतं.

मामू परत आले तेव्हा पूर्वीची थट्टा सुरू होईल म्हणून आम्ही सगळे भटारखान्यात जमलो होतो. चाचांनी तशीच सुरुवात केली. कांदे कापता कापता, मागे न वळताच विचारलं, काय व्याही, दोन्हीकडून जिंकलास ना?

मामू पिठाच्या पोत्यावर बसले. काझींनी विचारलं तेव्हा आवाजच फुटेना, म्हणाले. समोर माझाच पोरगा बसलेला, आणि मला तो परका वाटला. मनात आलं, याला काय म्हणून द्यायची? काझींना दोनदा विचारावं लागलं. मग तुझं नाव घेऊन म्हटलं, दिली.

चाचांनी सुरी खाली ठेवली आणि ते वळले.

"आणि मग मांडवाबाहेर जाऊन रडलो," मामू म्हणाले. "तुझ्याच गावची माणसं होती तिथे, तुला कधी न पाहिलेली. ती एकमेकांना सांगत होती, तो बघा मुलीचा बाप. त्यांना वाटलं, मी तू आहे."