बॅट टाकायला शिकवणारे अनंतराव

अनंतराव मोकाशी यांची नि माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या आरोळीतून. सिंगापुरातल्या क्लेमेंटी भागात फ्लॅट्समागे पत्र्याच्या छपराचं, चार बाकड्यांचं एक बेसबॉलचं मैदान. त्याला 'स्टेडियम' म्हणायचं धाडस फक्त अनंतरावच करतात. बँकेत आठवडाभर पिचून मी तिथे गेलो, पहिलाच चेंडू टोलवला आणि क्रिकेटच्या सवयीने बॅट घेऊनच पळत सुटलो. "अहो, बॅट टाका! खेळायला आलात की हमाली करायला?" हे आमचे जहाजावरून निवृत्त झालेले चीफ इंजिनिअर!

आम्ही मराठी मंडळी सगळी याच चुकीचे धनी. बेसबॉलमध्ये फटका मारला की बॅट तिथेच टाकून धावायचं, हे डोक्याला कळायचं, हाताला कळायचं नाही. पण अनंतरावांनी कुणाला घरी पाठवलं नाही. सामन्याआधी सर्वांनी ओळीने चालत मैदानातले खडे वेचायचे, हा त्यांचा दंडक. भले भले बँकवाले निमूट वाकत.

माझी नोकरी गेली तेव्हा मी तिकडे फिरकेनासा झालो. एका रविवारी अनंतराव डब्यात थालीपीठं घेऊन दारात उभे. "नोकरी गेली, कंबर तर शाबूत आहे ना? चला, खडे वेचायचेत." मी गेलो. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

यंदा ते मैदान नव्या इमारतींसाठी द्यायचं ठरलं. ते वाचावं म्हणून अनंतराव या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरले, मागे आम्ही. सगळे गोड बोलले, पण नाही ते नाहीच. खरं सांगतो, आम्ही थकून गेलो. "पुरे करा हो आता," त्यांच्या पत्नी मालतीवहिनी म्हणाल्या. त्यांची नातही इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आजोबा, इट्स गॉन, लाह."

गेल्या रविवारी शेवटचा सामना झाला. पंचाहत्तरीचा मान म्हणून अखेरचा चेंडू खेळायला आम्ही त्यांनाच उभं केलं. फटका छान बसला आणि अनंतराव धावले, बॅट छातीशी घट्ट धरून! आमच्यापैकी कुणीच ओरडलं नाही. बेसवर पोचल्यावर त्यांनी हाताकडे पाहिलं, "अरेच्चा!" म्हणाले, हसले आणि मग डोळे पुसत राहिले.

अनंतराव, आम्ही दमलो आहोत, खोटं कशाला बोलू? तुम्ही मात्र गुडघे सांभाळा, बीपीची गोळी चुकवू नका, वहिनींसह शंभरी गाठा. आणि ती बॅट आता घरीच राहू द्या. परत मागायला कुणी येणार नाही.