कडेची सीट काकाची

“काका! ओ काका! हिकडं बघ की! बाळ रडतंय!”

माझी चार वर्षांची पोरगी विमानात सीटवर उभी राहून ओरडत होती. मी चाकणला प्रेस शॉपमध्ये काम करतो. आमची मोठी प्रेस पत्र्यावर आदळली की शेजारच्या कंपनीतल्या चहात तरंग उठतात. पण ती प्रेस या पोरीपुढं म्हणजे मांजर. आणि ही तर नुसती सुरुवातीची सूचना होती. माझ्या मांडीवर तिचा सव्वा वर्षाचा भाऊ असा रडत होता की खाली अहिल्यानगरच्या आसपास लोकांनी गच्चीवरचे कपडे काढून घेतले असणार.

चार ओळी पुढं काका बसला होता. मान खाली, आणि हातात समोरच्या खिशातलं सूचनांचं कार्ड. इतकं मन लावून वाचत होता, की आज विमान हाच उतरवणार आहे असं कुणालाही वाटावं. या माणसानं काही वाचलेलं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. कॅन्टीनच्या फळ्यावर भाजी कोणती लिहिलीय तेसुद्धा तो मला विचारायचा.

हा काका म्हणजे माझा कंपनीतला जोडीदार. मूळचा इथलाच, चिखलीचा, गावातल्या जुन्या घरातला. मी बीडहून आलो तेव्हा मला इथं खोली बघून दिली ती यानं, आणि पहिल्या दिवशी प्रेसच्या आवाजानं मी पळून निघालो होतो तेव्हा गेटवरून कॉलर धरून परत आणला तोही यानंच. एका डब्यात जेवायचो. माझी पोरगी चालायला शिकली ती त्याच्या ओट्यावर. तिला तर बरेच दिवस काका हे माणसाचं नाव आहे असंच वाटायचं. दुसऱ्या कुणाला कुणी काका म्हणालं की ती भांडायची.

झालं असं, की नागपूरला माझ्या सासूबाई घरात पडल्या, कंबरेचं ऑपरेशन झालं. बायको तातडीनं पुढं गेली. पोरं माझ्याकडं आणि माझ्या बहिणीकडं. आठवडा गेला आणि बायकोचा जीव पोरांसाठी तुटायला लागला. रोज फोनवर पोरगी रडे, पलीकडून आई रडे, मधे फोन धरून मी उभा. “घेऊन ये त्यांना,” ती म्हणाली, “पण एकटा आणू नकोस. छोट्याचा कान मागल्या महिन्यात दुखत होता, विमानात काय होईल कुणास ठाऊक. कुणीतरी मोठं माणूस बरोबर पाहिजे.”

ही गोष्ट मी कॅन्टीनमध्ये काढली. काका उपमा खात होता. चमचा खाली ठेवून म्हणाला, “आरं, मग मी हाय की! गुरुवारी नागपूरच्या व्हेंडरकडं जायचंय मला. कंपनीचं तिकीट. त्याच विमानाचं काढ.”

त्याच महिन्यात तो सुपरवायझर झाला होता. आमच्या पिवळ्या हेल्मेटाच्या गर्दीत त्याचं पांढरं हेल्मेट लांबून दिसायचं, आणि खरं सांगतो, मला ते माझ्याच डोक्यावर असल्यासारखं वाटायचं. विमानात तो चारदा बसला होता. मी एकदाही नाही. तेव्हा लेकरं घेऊन विमानात कसं जायचं, याची शिकवणी त्या टेबलावर सुरू झाली. आजूबाजूची चार टेबलं जेवण सोडून ऐकायला आली.

“पहिलं म्हंजी, दूध हातातल्या पिशवीत ठिवायचं न्हाई. शिक्युरिटीवाले पातळ काय आत सोडत न्हाईत. बाटली मोठ्या बॅगेत टाक, ती बॅग बेल्टवर सोडून दे.”

“बरं.”

“दुसरं, पोराला उपाशी ठिव. पोटात काय नसलं की उलटी व्हायची न्हाई.”

“आणि कान?”

तो हसला. आजूबाजूला बघितलं, टेबलाखालून हात घालून एक पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आत नवा कोरा इअर मफ. आम्ही प्रेसवर कानाला लावतो तो, नारिंगी, दोन वाट्या आणि वर पट्टी, आणि पट्टीवर आमच्या शॉपचा पांढऱ्या रंगाचा शिक्का. “स्टोअरमधून काढलाय. सहाशे टनाची प्रेस ह्याच्यातून ऐकू येत न्हाई, विमान काय हाय? लाव पोराच्या कानाला आणि बस निवांत.”

“गेटवर धरलं तर?”

“सुपरवायझर कोन हाय?” तो म्हणाला, आणि छातीवर हात आपटला. “पोरगी माझ्याकडं, पोरगा तुझ्याकडं. वहिनीला सांग, मी हाय म्हणून.”

मी सांगितलं. फोनवर बायको म्हणाली, “भाऊजी असतील तर ये.” बघा, माझ्यावर विश्वास नाही, भाऊजींवर आहे. मला त्याचंही कौतुकच वाटलं.

चेक-इन त्यानंच माझ्या मोबाइलवरून करून दिलं. एकाच ओळीत तिघांच्या सीटा. खिडकीला पोरगी, मधे छोट्याला घेऊन मी, कडेला तो. पोरीनं दोन दिवस गल्लीत सगळ्यांना सांगितलं, “कडेची सीट काकाची.” दूधवाल्याला सांगितलं. गॅसवाल्याला सांगितलं.

गुरुवारी सकाळी लोहगावला पोचलो. आत शिरताच चहाच्या टपरीपाशी भेटायचं ठरलं होतं. (एअरपोर्टातला चहा ज्या दुकानात मिळतो त्याला तो टपरी म्हणायचा.) काका नाही. फोन लावला, उचलला नाही. मोठी बॅग बेल्टवर सोडली, दुधाची बाटली तिच्यात. मग एका हातात पोरगा, दुसऱ्या हातात पोरगी, गळ्यात पिशवी आणि दातांत बोर्डिंग पास असा मी तपासणीला उभा राहिलो.

वर्दीतल्या बाईनं पिशवीतून इअर मफ बाहेर काढला, उलटसुलट केला. “ये क्या है?”

“बच्चे के कान के लिए.”

तिनं छोट्याच्या लिंबाएवढ्या डोक्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. “और इसका दूध कहाँ है?”

“दूध अंदर नहीं छोड़ते ना?”

“किसने बोला? बच्चे का दूध सब लेके जाते हैं.”

काकाचा पहिला सल्ला तिथंच फसला. पण मी मनाशी म्हटलं, एखादी गोष्ट चुकते माणसाची. चार वेळा बसलाय, चारही वेळा एकटा बसलाय, लेकरांचं त्याला काय ठाऊक.

विमानात शिरलो आणि काका दिसला. पुढच्या बाजूला, इस्त्रीच्या शर्टात. मी ओरडलोच, “आरं राव, फोन का उचलंना?” त्यानं वर बघितलं नाही. त्याच्या शेजारी कोण बसलंय ते मला तेव्हा दिसलं. आमच्या प्लांटचे मोठे साहेब. मला ते ओळखत नव्हते. पिवळ्या हेल्मेटाखालची तोंडं त्यांना सारखीच दिसत असावीत. मागून रांग ढकलत होती, मी पुढं सरकलो. पोरीनं जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारली. “काका, आपली सीट मागं आहे!” त्यानं खांदा झटकला नाही, हेच त्याचे उपकार.

आमच्या ओळीत कडेच्या सीटवर रावेतला राहणाऱ्या, मूळच्या नागपूरच्या एक बाई येऊन बसल्या. अंगानं भक्कम, हातात पर्स. मी म्हटलं, “ही सीट आमच्या माणसाची आहे.”

“त्या समोरच्या भाऊंनीच बदलून मागितली ना,” त्या म्हणाल्या. “म्हणे, साहेबांजवळ बसाचं आहे. मी विचारलं, मागं कोणी आहे का तुमचं? म्हणे, कोणी नाही, एक लेकरावाली फॅमिली आहे.”

मी पट्टा बांधला. छोट्याला इअर मफ घातला. तो डोक्यावरून घसरून गळ्यात आला, पुन्हा घातला, पुन्हा गळ्यात. लेकरू एखाद्या बैलासारखं दिसायला लागलं, नारिंगी घुंगरमाळ घातलेल्या. विमान उठलं आणि पोराच्या कानात काय झालं ते देव जाणे. पोटात दूध नाही, हातात बाटली नाही. तो लालभडक झाला, पाठीची कमान केली आणि सुरू झाला. मग त्याच्या ताईला काका आठवला.

“काका! ओ काका!”

विमानातलं प्रत्येक डोकं मागं वळलं. एकच सोडून. साहेबसुद्धा वळले. मला स्वच्छ ऐकू आलं, कारण आमच्या शॉपमध्ये ओठ बघून बोलणं समजून घ्यायची सवय लागते. त्या धडधडीत दुसरा इलाजच नसतो. साहेब म्हणाले, “किसको बुला रही है? आपको?”

काकानं साहेबांकडं तोंड वळवलं, आणि त्याच्या ओठांवर मी वाचलं, “नहीं सर. पता नहीं कौन है.”

मी प्रेसवर त्याच्या समोर उभा राहून त्याचे ओठ वाचायला शिकलो होतो. ‘हात काढ’, ‘थांब’, ‘चहा’, हे शब्द मला त्यानंच आवाज न करता शिकवले होते. त्याला माहीत होतं मी वाचणार. म्हणून तर त्यानं मागं बघितलं नाही.

शेजारच्या बाईंनी माझ्या मांडीवरून पोरगा उचललाच. “काय करून राहिले तुम्ही? कान भरले ना त्याचे! काही गिळू द्या त्याला. उपाशी का ठेवला?” मी काय सांगणार? त्यांनी हवाईसुंदरीकडून कोमट पाणी मागवलं, पर्समधून चमचा काढला (नागपूरच्या बायकांच्या पर्समध्ये संसार असतो, त्या दिवशी तिच्यातून पाटा-वरवंटा निघाला असता तरी मी दचकलो नसतो) आणि चमच्या-चमच्यानं पाजायला लागल्या. चार घोट गिळले आणि पोरगं गप्प. एवढंच होतं. बाळानं काहीतरी चोखलं, गिळलं की कानातला दाब सुटतो. विमान चढताना एकदा आणि उतरायला लागलं की पुन्हा एकदा, लेकराच्या तोंडात काहीतरी पाहिजे. दूध हातातल्या पिशवीत पाहिजे, कपड्याचा जोड बाळाचाही आणि बापाचाही पाहिजे. हे मी तुम्हाला आत्ता छाती ठोकून सांगतो, पण त्या दिवशी मला ते एका परक्या बाईनं शिकवलं.

पोरगी मात्र गप्प बसली नाही. ती हाका मारत राहिली, पण आता हळू, खिडकीकडं तोंड करून. मग तिनं विचारलं, “बाबा, काकाला ऐकू येत नाही का?”

“आवाज फार आहे गं विमानात.”

उतरताना विमानानं जमिनीवर पाय टेकून असा ब्रेक मारला की इअर मफ पोराच्या गळ्यातून निसटला, वाटेत पडला आणि घरंगळत पुढं गेला. मी सांगतो त्यात मीठमसाला असतो हे मान्य, पण यात नाही: तो थेट काकाच्या बुटाला जाऊन लागला. साहेबांनी वाकून उचलला. पट्टीवरचा पांढरा शिक्का बघितला. “ये तो अपने प्रेस शॉप का है.”

काकानं तो हातात घेतला. पहिल्यांदा बघत असल्यासारखा फिरवून बघितला. “पूछताछ करता हूँ सर,” तो म्हणाला.

बाहेर बायको उभी होती. तिनं छोट्याला छातीशी धरलं, पोरीला पोटाशी, आणि माझ्या मागं बघितलं. “भाऊजी कुठंयत?”

काका साहेबांची बॅग ओढत आमच्या समोरून गेला. बायकोनं हात हलवला. तो गाडीत बसला.

पोरगी म्हणाली, “आई, काकाला आता ऐकू येत नाही. बाबांच्या कंपनीत कान जातात ना, तसे त्याचे गेले.”

 बायकोनं पोरीचा हात धरला आणि रिक्षाकडं चालायला लागली.

सोमवारी मी शिफ्टला गेलो. पांढरं हेल्मेट प्रेसजवळ उभंच होतं, हातात तो नारिंगी मफ. सगळी लाइन बघत होती. “कंपनीचा माल गेट पासशिवाय भायेर कसा गेला?” त्यानं विचारलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मला वाटलं तो डोळा मारील. मी वाट बघितली. मोठी प्रेस एकदा वर गेली, खाली आली.

“तू दिलास मला,” मी म्हणालो. “कॅन्टीनमध्ये. टेबलाखालून.”

“साहेबांनी अहवाल मागितलाय.”

“अहवाल गेला खड्ड्यात! पोरगी माझी घसा फुटेस्तोवर काका काका करत होती, लेका! तुझ्या ओट्यावर चालायला शिकली ती. तिला वाटतंय तुझे कान गेले. एकदा, नुसतं एकदा मागं वळून बघायला तुझं काय जात होतं?”

त्यानं हेल्मेट जरा सारखं केलं. मफ माझ्या हातात दिला आणि मला कानाला लावायची खूण केली, कारण लाइन चालू होती आणि नियम नियम असतो. मी लावला नाही. तेव्हा तो जवळ येऊन म्हणाला,

“तू रजेवर होतास. मी ड्युटीवर होतो.”