भाईंचं ‘हाय’

पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांतल्या समस्त आप्तेष्टांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, इब्रामपूरचे आमचे भाई डिचोलीच्या इस्पितळातून, खाट नंबर सातवरून, जपानला रवाना झाले आहेत.

भाई म्हणजे माझे वडील. शंभरीला तीन वर्षं कमी. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी निदान सांगितलं, “हायपोनाट्रेमिया.” म्हणजे रक्तातलं मीठ उतरलेलं. त्यातून डेलिरियम, म्हणजे माणूस जागेपणीच स्वप्नात. “मीठ हळूहळू वाढवू. पण या वयात सगळेच भानावर येतात असं नाही,” त्या म्हणाल्या.

आजोबा मलायात रबराच्या मळ्यावर कारकून होते. सोळाव्या वर्षी भाई हिंदुस्थानसाठी तिथे उभ्या राहिलेल्या स्वातंत्र्यसेनेत शिरले आणि युद्ध पेटलेलं असताना लष्करी शिक्षणासाठी जपानला गेले. आता ते पुन्हा तिथे पोचले होते. चादरी पांढऱ्या, पडदे पांढरे. “बर्फ पडता रे. कोटाचे बुतांव लाव,” म्हणाले. मी इस्पितळाच्या सदऱ्याची बटणं लावली. खरं सांगतो, पंख्याखाली मलाही थोडा बर्फ दिसू लागला होता.

पण एक गोष्ट जिवाला लागली. डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या; तिकडे बोलीत ‘हाय’ म्हणजे ‘आहे’. त्या विचारायच्या, “भास्करराव, दुखतंय?” भाई मोठ्यानं म्हणायचे, “हाय.” मग वेदनाशामक इंजेक्शन, आणि भाई आणखी गुंगीत. दुसऱ्या दिवशी डोस वाढवायचं ठरलं. मला वाटलं, आता हे परत येत नाहीत.

तिसऱ्या सकाळी सर्वण गावची सिस्टर रक्तदाब घ्यायला आली. तिनं फाइलवरचं नाव मोठ्यानं वाचलं.

“हाय.” आणि चादरीखाली भाईंच्या दोन्ही टाचा जुळल्या.

दुखणारा माणूस टाचा कशाला जुळवेल? मला लहानपणी ऐकलेलं आठवलं. पहाटे बर्फात हजेरी व्हायची. नाव आलं की जपानीत ‘हाय’ म्हणायचं, म्हणजे हो, हजर. आवाज बारीक निघाला तर सगळ्या रांगेला मैदानाच्या फेऱ्या.

मी धावत डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी येऊन पोट दाबलं, सांधे हलवले, चेहरा निरखला. एक सुरकुती हलली नाही. “इंजेक्शन बंद,” त्या म्हणाल्या. “मी तर दोन दिवस यांची हजेरीच घेत होते.”

पाचव्या दिवशी मीठ जाग्यावर आलं. भाईंनी खिडकीबाहेर बघत विचारलं, “ह्यो बाजार डिचोलीचो मरे?” मी पाठ फिरवून डोळे पुसले.

तुमचं माणूस असं भरकटलं तर त्याला ओढू नका. ते कुठे पोचलंय ते विचारा आणि डॉक्टरांना सांगा. माझा सोळा वर्षांचा बाप मला त्या इस्पितळानं दाखवला, हे उपकार मी विसरणार नाही.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टरनं सलाइनची चिकटपट्टी ओढली. भाई कळवळले, “हाय.”

डॉक्टरीणबाईंनी हसून विचारलं, “हजर का, भास्करराव?”

“हजर खंयचो गो बाय, केस उपटले माजे.”