आप्पांनी बदललेला शब्द

मंडळी, आज सकाळी नातीनं मोबाईलवर एकाच मोर्चाच्या दोन बातम्या वाचून दाखवल्या. एकीत ‘आंदोलक’, दुसरीत ‘दंगलखोर’. मला एकदम निपाणीचं आमचं घर आठवलं.

बेचाळीसची चळवळ चालू होती, मी लहान होते. थोरला भाऊ, आमचा अण्णा, मोर्चात पकडला गेलता. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून आप्पा, म्हणजे माझे वडील, रोज तिला पेपर वाचून दाखवत.

त्या दिवशी आप्पा मधेच अडखळले.

“काय लिवलंय?” आईनं विचारलं.

“सत्याग्रही पकडले म्हणून लिवलंय.”

दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून आईला खरं कळलं. सरकारच्या बाजूच्या त्या पेपरात ‘गुंड’ छापलं होतं. आई भांडली नाही. संध्याकाळी माझी पाटी घेऊन आप्पांसमोर बसली. “मला अक्षरं शिकवा.”

अण्णा सुटून आला तेव्हा ती बोट फिरवत, अक्षरं जुळवत पेपर वाचत होती. तिचा तो आवाज आज फार आठवला.

“आई, तू वाचतीस?” अण्णानं दारातूनच विचारलं.

“व्हय रं. तुला कोण काय म्हणतंय, ते मलाच बघायचं हुतं.”

तुम्ही बातमी वाचताना असं कधी एखाद्या शब्दापाशी थांबता का?