झिंग्यांचं पान

नगराध्यक्ष झाल्यावरही निवृत्त मेजर प्रविण कापगते साडेपाचला उठत, स्वतःचे बूट स्वतः पॉलिश करत आणि सहाला सफाई कामगारांच्या हजेरीला हजर असत. "साहेबानं नगरपरिषदेले कवायत लावली," असं टपरीवर लोक हसून म्हणत. पण कुठे पाइपलाइनसाठी खोल खोदकाम झालं, की पाहणीला ते इंजिनिअरला पाठवत. स्वतः काठाशी जात नसत. हे फक्त त्यांच्या बायकोच्या, ज्योत्सनाच्या लक्षात आलं होतं.

तिला आणखीही एक ठाऊक होतं. पितृमोक्ष अमावस्येला घरी वडे, कढी, खीर व्हायची. सासऱ्यांचं पान गच्चीवर जायचं. मग मेजर आणखी एक पान वाढून मागच्या भिंतीवर नेऊन ठेवत. त्यावर झिंग्यांची भाजी असे. या दिवशी घरात मासळी शिजत नसे, म्हणून ही भाजी मेजर खानावळीतून आणत. "हे कोनाचं?" असं तिनं पहिल्या वर्षी विचारलं होतं. "पान लवकर ठेवू दे, गार होते," एवढंच ते म्हणाले.

यंदा नेमकी त्याच दिवशी बायाबाई आली. ही तलावात मासे धरणारी ढिवरीण. तिचा एकुलता एक खेमराज मेजरांच्याच पलटणीत होता, चौदा वर्षांपूर्वी बर्फात बेपत्ता झाला. सरकारनं मृत्यूचा दाखला दिला, पेन्शन लावली. तिनं पेन्शन घेतली, पण पोराचे दिवस केले नाहीत. प्रेत कोणी पाहिलं नव्हतं. आता नगरपरिषद बसस्टँडजवळच्या चौकाला 'शहीद खेमराज' नाव देणार होती. तेच थांबवायला ती आली होती.

पुढे कोणी दिसेना, म्हणून ती घराला वळसा घालून मागे आली.

"जित्या मानसाचं नाव चौकाले देतेत काय रे प्रविण?"

मेजर पान हातात घेऊन उभे होते. तिची नजर त्यावर गेली.

"तुमच्यात पितराले झिंगे कधीपासून चालाले लागले?"

"मावशी, बसा ना. चहा ठेवते," ज्योत्सना घाईनं म्हणाली.

"चहा राहू दे बाई. झिंगे आमच्यात ठेवतेत." तिचा आवाज उतरला. "तू पाह्यला काय रे त्याले?"

मेजरांनी पान भिंतीवर ठेवलं. "हो."

"मंग इतले वर्ष कायले नाही सांगतलं?"

"दोर मी कापला, मावशी."

त्यांनी सांगितलं. एका दोराला बांधलेले सहा जण होते. पायाखालचा बर्फ फाटला आणि खेमराज भेगेत लोंबकळला. वरचे पाचही एकेक हात खाली घसरत चालले होते.

"तो काय म्हने?"

"नोका कापू साहेब, म्हने."

"आन् मंग?"

"मंग खालून बराच वेळ 'आये, आये' ऐकू आलं. मंग बंद झालं."

बायाबाई पायरीवर बसली. कावळा आला, पानावरचा एक झिंगा उचलून उडाला. तिनं त्याला हाकललं नाही.

"वडेगावची पोरगी दोन साल थांबवून ठेवली होती म्या त्याच्यासाठी," ती म्हणाली. मग पदर सावरून उठली. "माह्या घरात मानूस नाही. त्याचे दिवस तुलेच करा लागतीन. डोकं भादरून."

"करीन."

"माफ केलं म्हनून नाही सांगून राहिली. आन् चौकाले नाव द्यासाठी जे लोक हात वर करतीन ना, त्यायले आधी सांग, तो कसा मेला."

पुढच्या सभेला नगराध्यक्ष गुळगुळीत डोक्यानं आले. विरोधी पक्षाच्या रिता मॅडमनी हळूच विचारलं, "साहेब, घरी कोनी गेलं काय?"

"हो," म्हणून मेजर उभे राहिले. चौकाचा विषय पुकारला गेला होता. त्यांनी ठरावाचा कागद बाजूला सारला आणि दोरापासून सांगायला सुरुवात केली. खालून आलेल्या हाकेपर्यंत पोचल्यावर ते थांबले आणि मान किंचित वाकवून कान देत राहिले. त्यांच्याबरोबर सगळं सभागृहही ऐकत राहिलं.