हाइनरच्या तारा

फोल्कमार कोस्लोव्स्की लिफ्ट तपासतो. जर्मनीतल्या वाने-आयकलमधली आणि आसपासच्या गावांतली प्रत्येक लिफ्ट वर्षातून एकदा त्याच्या नजरेखालून जाते, आणि इमारतींचे रखवालदार त्याला जाम टरकून असतात. एकाने बिचाऱ्याने दार कुरकुरतं म्हणून स्वतःच्या हाताने दोन थेंब तेल सोडलं होतं. फोल्कमारने लिफ्टला कुलूप ठोकलं. पाचव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आठवडाभर दुधाच्या बाटल्या दोरीने वर ओढत होत्या. "चालत होतं ना? मग हात कशाला लावलात?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते तो इतक्या जरबेने म्हणतो, की ऐकणाऱ्याला आपण एखादा खून केलाय असं वाटावं.

हाच माणूस संध्याकाळी घरी येतो, कोट काढतो, तळघरात उतरतो आणि चांगल्या चालत्या बास गिटारचे स्क्रू काढायला बसतो.

त्याच्याकडे अकरा बास आहेत आणि त्यातला एकही वाजत नाही. एकाची दांडी दुसऱ्याला लावलीय, दुसऱ्याचे पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे चुंबक, तिसऱ्यात गेलेत, तिसऱ्याच्या पोटातून रंगीत वायरी बाहेर लोंबतायत, आणि चौथ्याचं लाकूड रंग खरवडून उघडं केलंय, का, तर रंगामुळे लाकडाला श्वास घेता येत नाही म्हणे. काढलेले भाग बरण्यांमध्ये भरून ठेवलेत. त्या बरण्यांत पूर्वी त्याची बायको गुड्रुन काकड्या मुरवायची. आता ती काकड्या विकत आणते.

"झालंच आहे गं," असं तो तिला लग्नापासून सांगत आलाय. "आता एकच गोष्ट राहिलीय."

आमच्या बँडचं नाव 'दुसरी पाळी'. कोळशाची खाण बंद झाली तेव्हा तिथल्या कामगारांच्या अंघोळीच्या इमारतीतली एक खोली आम्हाला सरावाला मिळाली. मी रोस्वीता. आयुष्यभर ट्राम चालवली, आता ड्रम बडवते. लोथार गातो आणि गिटार वाजवतो. म्हणजे गातो बरा. आणि बासवर होता हाइनर.

हाइनरबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही, हीच त्याची थोरवी. खाणीत दुसऱ्या पाळीला होता. तरुणपणी एक बास घेतला, एक वायर घेतली, आणि मरेपर्यंत दोन्ही तीच. बास कधी उघडला नाही. तारा कधी बदलल्या नाहीत. दर गुरुवारी घरी बायकोच्या हातची, किसलेल्या बटाट्याची तेलात तळलेली धिरडी सफरचंदाच्या गरासोबत हाणायची, ढेकर देत सरावाला यायचं, वायर खुपसायची आणि वाजवायचं. आवाज असा की माझ्या पायाखालचं ड्रमचं पायडल त्याच्या मागोमाग आपोआप दाबलं जायचं. जाड, मऊ, पोटातून येणारा. मी त्याच्या शेजारी बसून इतकी वर्षं ड्रम वाजवला आणि एकदाही त्याला सांगितलं नाही, की तुझ्यामुळे मी बरी वाजवते. हे मला फार लागतं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर हाइनर गेला. त्याच्या जागी आम्ही फोल्कमारला घेतलं. अकरा बास असलेल्या माणसाचा निदान एक तरी वाजत असेल, असा आमचा साधा हिशेब होता.

हिशेब चुकला. फोल्कमार सरावाला वेळेवर यायचा, पाने, पकडी आणि वायरी जोडायची सोल्डरिंगची लेखणी टेबलावर ओळीने मांडायचा, एक सूर काढायचा, डोळे मिटायचा, नाक मुरडायचा आणि म्हणायचा, "दोन मिनिटं हं. तारा पडद्यापासून जरा वर आहेत." दोन मिनिटांनी त्या जरा खाली असायच्या. मग स्पीकरमधून गुणगुण यायची. मग तो जमिनीवर आडवा होऊन भिंतीतल्या वीजजोडणीला शिव्या द्यायचा. लोथारची बिअर संपायची आणि आम्ही घरी जायचो.

"अरे बाबा, एखादं गाणं वाजव," मी म्हणायचे.

"अशा आवाजात?" तो दुखावून विचारायचा. "रोझी, तू ड्रमवाली आहेस, तुला नाही कळायचं."

मग जून आला. हौशी बागवाल्यांच्या वसाहतीच्या उन्हाळी जत्रेत आम्ही दरवर्षी वाजवतो, आणि जत्रा दीड आठवड्यावर आली तरी फोल्कमारचे अकराच्या अकरा बास पोट फाडलेल्या अवस्थेत होते. त्या गुरुवारी सरावाच्या खोलीचं दार उघडलं आणि हाइनरची बायको ट्राउडे आत आली. एकोणऐंशी वर्षांची, हातात काळी लांबोडी पेटी. जिना चढून आल्यामुळे धापा टाकत होती. पेटी तिने फोल्कमारच्या मांडीवर ठेवली.

"हा घे. जत्रेपुरता. मला हाइनर एकदा ऐकायचाय."

फोल्कमारने पेटी उघडली. आतून तेलाचा, घामाचा आणि जुन्या स्वयंपाकघराचा वास आला. तारा काळ्या पडलेल्या.

"ट्राउडे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हे म्हणजे... मी याच्या फक्त पिकअपची उंची..."

"नाही."

"बरं. नुसतं आत एकदा डोकावून..."

"नाही म्हटलं ना! स्क्रूला हात लावलास तर तोच पाना तुझ्या डोक्यात घालेन. काही बदलायचं नाही. जसा आहे तसा वाजवायचा. मी नेहमीच्या बाकावर बसणार आहे, तुझ्या त्या स्पीकरच्या डब्याशेजारी. घरात किती शांत वाटतं, तुला काय माहीत."

"शब्द देतो," फोल्कमार म्हणाला. मी शपथेवर सांगते, त्याने तो मनापासून दिला होता. त्या संध्याकाळी त्याने हाइनरचा बास खांद्यावर घेतला आणि आम्ही तीन गाणी शेवटपर्यंत वाजवली. लोथारला चौथ्या गाण्याचे शब्दच आठवेनात, कारण तिथवर जायची त्याची सवय मोडली होती.

आणि मग मधे आला शनिवार.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी स्टेशनजवळच्या खानावळीत बासवाल्यांचा अड्डा भरतो. सात-आठ माणसं, सगळी पन्नाशीच्या पुढची, टेबलावर बिअर आणि बिअरच्या मधे बास. तिथे गाणं कुणी वाजवत नाही. ते असभ्य समजतात. एकजण एक सूर काढतो. डुंऽऽ. सगळे डोळे मिटतात. बऱ्याच वेळाने कुणीतरी म्हणतं, "ऊब आहे." दुसरा म्हणतो, "आहे, पण वरच्या अंगाला जरा घुसमट." मग त्या घुसमटीवर बंद होईपर्यंत चर्चा. शेंगदाण्याएवढ्या एका कपॅसिटरवरून दोघे सख्खे भाऊ तिथे एकमेकांशी बोलायचे बंद झालेत.

फोल्कमारने हाइनरचा बास तिथे नेला. पुढचं मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं. सूर काढला. सगळ्यांनी डोळे मिटले. अड्ड्याचा म्होरक्या फ्रीडहेल्म, पेशाने चष्मेवाला, डोळे उघडून म्हणाला, "तारा मेल्यात."

"मला बदलायला परवानगी नाहीये."

"बदल कोण म्हणतंय? उकळ. पाण्यात थोडा व्हिनेगर टाक, दहा मिनिटं उकळ, पूस, परत चढव. तार तीच, बास तोच. तू फक्त मळ काढलास."

"शब्द दिलाय रे मी."

"काय दिलायस? काही बदलणार नाही, हाच ना? मग? लिफ्टचा आरसा पुसला तर तू लिफ्ट बंद करतोस का?"

इथे माणूस घसरला. आरसा पुसणं हा बदल नव्हे, ती निगा, असं त्यांच्या नियमांत स्पष्ट आहे म्हणे, आणि नियम फोल्कमारला तोंडपाठ. शिवाय त्याचे हात गुरुवारपासून शिवशिवत होतेच. रविवारी गुड्रुन चर्चला गेल्यावर त्याने तिचं बटाटे उकडायचं पातेलं काढलं, हाइनरच्या चारही तारा गुंडाळून आत सोडल्या आणि गॅस मोठा केला.

गुड्रुन परतली तेव्हा घरभर तळणाचा वास. तिला वाटलं, नवऱ्याने आज जेवण केलं. पातेल्यात बघते तर तपकिरी पाणी, वर तेलाचे तवंग आणि आत तारा.

"हे काय रे?"

"एकच गोष्ट राहिली होती," फोल्कमार म्हणाला.

ते पाणी तिने मोरीत ओतलं. तिचा काय दोष?

मधल्या गुरुवारी मांडव घालायच्या गडबडीत सराव झाला नव्हता. जत्रेच्या दिवशी ऊन चांगलं होतं. कुंपणांवर पताका, सॉसेज भाजल्याचा धूर, टोमॅटोच्या वाफ्यांमधून पळणारी पोरं. ट्राउडे निळा पोशाख घालून आली, केस सेट करून आली होती. नेहमीच्या बाकावर बसली, पर्स मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. फोल्कमारने तिच्याकडे बघून मान हलवली. मी काठ्या आपटून चार मोजले.

आवाज आला तो टण टण. स्वच्छ, चकचकीत, एकेक सूर वेगळा. फोल्कमारचा चेहरा उजळला. मी त्याला इतका खूश कधी पाहिलेला नाही. माझा पाय मात्र पायडलवर दोनदा चुकला. वाईट आवाज होता असं नाही. दुसऱ्याच कुणाचा होता.

पहिल्या गाण्याला ट्राउडेने डोळे उघडले. दुसऱ्याला ती बासच्या डब्याकडे वाकून बघायला लागली, जणू आत कुणीतरी असायला हवं होतं. दुसरं संपल्यावर टाळ्या वाजत असतानाच ती उठून आमच्यापाशी आली.

"हा हाइनर नाही."

"ट्राउडे, मी काही बदललेलं नाही," फोल्कमार घाईघाईने म्हणाला. "देवाशपथ. स्क्रूला हात नाही लावला. तारा फक्त धुतल्या."

"धुतल्यास?"

"उकळल्या. मळ होता हो त्यांच्यावर."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "तो मळ त्याचा होता रे," ती म्हणाली, पर्स काखेत मारली आणि वाटाण्यांच्या मांडवाखालून निघून गेली. ओळखीच्या कुणीतरी हाक मारली, ती थांबली नाही. तिचा बाक रिकामा, आणि आम्हाला अजून दहा गाणी वाजवायची होती. फोल्कमारने ती सगळी वाजवली, एकही चूक न करता, मान खाली घालून. मला त्या दिवशी त्याचा संताप आला होता आणि कीवही, आणि कुठलं जास्त ते ठरत नव्हतं.

गुरुवारी तो माझ्या दारात. हातात पेटी.

"तू चल माझ्याबरोबर. मी एकटा गेलो तर ती दार उघडणार नाही."

"माझ्याबरोबर आलास तरी का उघडेल?"

"तुला घाबरतात सगळे," तो म्हणाला. ते खरं आहे, म्हणून गेले.

ट्राउडेने दार उघडलं. ती धिरडी तळत होती. सवयीने, गुरुवार म्हणून, आणि सवयीनेच दोन माणसांची. ओट्यावर ढीग होता. फोल्कमारने पेटी टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सुरू झाला. त्याने सगळा विचार केलाय, आवाज परत आणता येईल, तारा टेकतात त्या ब्रिजखाली स्पंजचा तुकडा, दुसऱ्या मोजमापाचा कपॅसिटर, अड्ड्यावर एकाकडे जुन्या मळक्या तारा आहेत, तो माणूस द्यायला तयार...

"दुसऱ्याचा मळ?" ट्राउडेने विचारलं.

फोल्कमारचा चेहरा वाकडा झाला आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. "मला नुसतं बसवत नाही हो," तो म्हणाला. "चांगली वस्तू हातात आली की मला वाटतं, माझ्यामुळे ती अजून चांगली व्हावी. हाइनर वाजवायचा तेव्हा मला कळायचं, की मला तसं कधी येणार नाही. मग मी स्क्रू काढायचो."

ट्राउडेने गॅस बारीक केला. "बस. खा. थंड झाली की चामडं होतात."

तो बसला. आधी एक, संकोचाने. मग दुसरं, मग बकाबका. धिरडी होतीच तशी, कडेला कुरकुरीत, हात कोपरापर्यंत तेलकट. खाऊन झाल्यावर तो नीटनेटका माणूस उठून मोरीकडे वळला. ट्राउडे मोरीसमोर जाऊन उभी राहिली.

"हात धुवायचे नाहीत."

"अं?"

"हाइनरने कधी धुतले नाहीत. मी त्याला आयुष्यभर त्यावरून बोलले. डुक्कर म्हणाले. असाच उठायचा, पँटला पुसायचा आणि वाजवायला जायचा." तिने पेटी उघडली. "घे. वाजव."

फोल्कमारने तेलाचे हात बघितले, चकचकीत तारा बघितल्या. त्या माणसाला काय यातना झाल्या असतील, त्या फक्त बासवाल्यांनाच कळतील. पण त्याने बास घेतला. त्या स्वयंपाकघरात, वायर न लावता, त्याने एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. मी टेबलावर बोटांनी ठेका धरला.

"किती दिवस लागतील?" ट्राउडेने विचारलं.

फोल्कमारने प्रामाणिकपणे हिशेब केला. "त्याला पन्नासेक वर्षं लागली होती."

"मग पुढच्या गुरुवारी लवकर ये," ट्राउडे म्हणाली.

तेव्हापासून तो दर गुरुवारी आधी तिच्याकडे जातो, मग ढेकर देत सरावाला येतो. पाने घरी राहतात. वजन वाढलंय, लिफ्टमध्ये शिरला की रखवालदार एकमेकांना खुणा करतात म्हणे. अड्ड्यावर त्याला वाळीत टाकलंय, कारण त्याने तिथे एक अख्खं गाणं वाजवलं. अकरा बास तळघरात तसेच पडलेत आणि गुड्रुनने दोन बरण्या रिकाम्या करून काकड्या घातल्यात.

ट्राउडे सरावाला येते, अंघोळीच्या जुन्या बाकावर डोळे मिटून बसते आणि प्रत्येक गाण्यानंतर मान हलवते. अजून नाही. मागच्या गुरुवारी मात्र तिसरं गाणं संपलं तरी तिने डोळे उघडले नाहीत. माझा पाय त्या गाण्यात एकदाही चुकला नव्हता. फोल्कमारने तारांवरचा हात तसाच ठेवला.

"जाड तारेवर," ती म्हणाली. "थोडासा आलाय."