रिकाम्या जागेतले गुलाब

फ्लेक्सच्या शाईचा उग्र वास आला की राजवाड्यामागचं ते छपाईचं दुकान आठवतं. ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या परीक्षेला अर्धा तास उरला होता. तिथे मांडायच्या माझ्या पोस्टरचा विषय होता एकटेपणा: कोपऱ्यात एक खुर्ची, बाकी सगळं पांढरं. त्या पांढऱ्यासाठी मी महिनाभर झटले होते. दुकानातल्या काकांनी गुंडाळी उलगडली, तर खुर्चीभोवती गुलाबच गुलाब. "बेटा, एकदम सूनं-सूनं लागत होतं ना, म्हणून फूल टाकून दिले. बढिया दिसतंय ना?" परत छापायला वेळच नव्हता. त्यांचा तो खूश चेहरा बघून मी म्हणाले, "हो काका, बढिया." आज क्लायंट माझ्या डिझाइनमधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवतो, तेव्हा तो काही बोलायच्या आधीच मी गुलाब शोधू लागते.